चार्जिंग गन गाडीत अडकली तर: ओढण्याआधी काय काय करायचं

इलेक्ट्रिक कारची चार्जिंग गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं गाडीच्या पोर्टमध्ये खुपसलेलं टोक, निघत नाही म्हणून ती दोन्ही हातांनी धरून, बंपरला गुडघा टेकवून हिसडे देणारी माणसं मी मॉलच्या बेसमेंटमध्ये बघितली आहेत. मागे दुसरी गाडी हॉर्न वाजवत उभी असते, घरी जायची घाई असते, जीव कासावीस होतो, हे सगळं मान्य. पण त्या हिसड्यात पोर्टमधली कुलपाची खिट्टी वाकली किंवा गनची खाच तुटली, तर पाच मिनिटांत सुटणारी गोष्ट वर्कशॉपवर जाते. पोर्टच्या मागे उच्च दाबाच्या जाड नारिंगी केबल जोडलेल्या असतात, त्यामुळे ते काम गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनचं राहत नाही.

बहुतेक वेळा गन अडकलेली नसतेच. तिला कुलूप लागलेलं असतं आणि ते कुलूप कशाची तरी वाट बघत असतं. चार्जिंग थांबण्याची, चावीची, वरचा भार कमी होण्याची किंवा गाडीतल्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत जीव येण्याची. ती वाट ओळखली की गन दोन बोटांनी निघते. खाली दिलेला क्रम मात्र मोडू नका. तो सुरक्षिततेचाच क्रम आहे.

आधी बघा, कुलूप कुणाच्या हातात आहे

आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक कारना सीसीएस२ नावाचा पोर्ट असतो. वरच्या भागात टाइप २ च्या, म्हणजे साध्या एसी चार्जिंगच्या, सात पिना, खाली डीसी फास्ट चार्जिंगच्या दोन जाड पिना. या पद्धतीत कुलूप गाडीत असतं. पोर्टच्या कडेला एक छोटी मोटर असते, ती एक खिट्टी गनच्या खाचेत सरकवते. गाडीने ती खिट्टी मागे घेतल्याशिवाय गन सुटत नाही, चार्जरवर कितीही बटणं दाबली तरी.

जुन्या १५ किलोवॉटच्या भारत डीसी-००१ या देशी मानकाच्या चार्जरचं उलटं. त्यावर जीबी/टी या चिनी मानकाची गन असते, ई-व्हेरिटो आणि सुरुवातीच्या टिगोर ईव्हीसारख्या गाड्यांना लागणारी. तिथे विजेवर चालणारं कुलूप गनमध्येच असतं आणि ते चार्जर सांभाळतो. अशा ठिकाणी गाडीची चावी शंभर वेळा दाबून उपयोग नाही, चार्जर चालवणाऱ्यालाच फोन लावावा लागतो.

तिसरा प्रकार म्हणजे दोन्ही टोकं सुटी असलेली स्वतःची केबल. तिचं एक टोक गाडीत कुलूपबंद असतं, दुसरं चार्जरच्या सॉकेटमध्ये. गाडीकडचं टोक निघालं आणि चार्जरकडचं निघेना, तर अडचण चार्जरची. गाडीशी झटापट करू नका.

पहिलं काम: वीज थांबवा

डीसी चार्जिंग चालू असताना त्या दोन जाड पिनांमध्ये साधारण ३०० ते ४०० व्होल्ट असतात, काही नव्या गाड्यांत त्याहूनही जास्त. चालू करंटमध्ये गन सुटली तर पिनांच्या मध्ये ज्वाळेसारखी ठिणगी उडेल. म्हणूनच हे कुलूप आहे. सेशन, म्हणजे चालू असलेलं चार्जिंग, थांबवलं की चार्जर करंट उतरवतो, आतले काँटॅक्टर (वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) उघडतात, आणि पिनांमधला विजेचा दाब ६० व्होल्टच्या खाली आला की मगच कुलूप सोडायची परवानगी मिळते. याला काही सेकंद लागतात. ‘स्टॉप’ दाबल्याक्षणी गन ओढणारा माणूस या सेकंदांत अडकतो आणि त्याला वाटतं, बिघाड झाला.

तर आधी ज्या मार्गाने चार्जिंग सुरू केलं त्याच मार्गाने बंद करा. ॲपवरून सुरू केलं असेल तर ॲपवरून, कार्ड टेकवून केलं असेल तर तेच कार्ड. आतला टक आवाज ऐका, स्क्रीनवर सेशन संपल्याचं येऊ द्या, गाडीच्या डॅशबोर्डवरचे किलोवॉट शून्यावर येऊ द्या. मग मनात तीस आकडे मोजा.

मुंबईत इथेच एक पंचाईत होते. मॉलच्या किंवा ऑफिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नसते. चार्जिंग सुरू करताना वायफाय पकडलेलं असतं, परत येईपर्यंत ते सुटलेलं असतं, आणि ॲपचं चक्र फिरतच राहतं. अशा वेळी गाडीच्या स्क्रीनवर चार्जिंग थांबवायची सोय आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत असते आणि तिला नेटवर्क लागत नाही. तीही नसेल तर रॅम्पवरून वर जाऊन उजेडात सेशन बंद करा आणि खाली या. पाच मिनिटं जातील, पोर्ट वाचेल.

घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर पोर्टेबल चार्जर लावला असेल तर आधी गाडीकडून चार्जिंग थांबवा, मग भिंतीवरचा स्विच बंद करा, मग गनकडे वळा.

दुसरं: चावी, आणि लगेच हात

बॅटरी शंभर टक्के भरली की गन आपोआप सुटेल, असा अनेकांचा समज असतो. काही गाड्यांत तसं सेटिंग असतंही, पण अनेक गाड्या केबल चोरीला जाऊ नये म्हणून चार्जिंग संपल्यावरही कुलूप धरून ठेवतात. ते सेंट्रल लॉकिंगशी जोडलेलं असतं. गाडी अनलॉक झाली तरच पोर्ट अनलॉक.

यातली मेख अशी की बऱ्याच गाड्या अनलॉक केल्यावर तीसेक सेकंदांत दार उघडलं नाही तर पुन्हा स्वतःहून लॉक होतात. तुम्ही लिफ्टमधून उतरताना चावी दाबता, गाडीला वळसा घालून पोर्टपाशी येता, पिशवी खाली ठेवता, तोवर खिट्टी परत आत. म्हणून पोर्टपाशी उभं राहून चावी दाबा. एकदा दाबून काही झालं नाही तर दोनदा, कारण काही गाड्यांत पहिल्या दाबाने फक्त ड्रायव्हरचं दार उघडतं. तरीही नाही, तर ड्रायव्हरचं दार खरोखर उघडा आणि उघडंच ठेवा. दाराच्या पॅनेलवरच्या लॉकच्या बटणाने एकदा लॉक, एकदा अनलॉक करा.

हे करताना कान पोर्टकडे ठेवा. मोटर फिरल्याचा बारीक ‘झिर्र-टक’ आवाज आला पाहिजे. पुढचं सगळं निदान या आवाजावर आहे. आवाज येतो पण गन निघत नाही, म्हणजे खिट्टी दाबली गेली आहे. आवाजच येत नाही, म्हणजे मोटरपर्यंत वीज किंवा हुकूम पोचत नाही.

आवाज येतो, गन येत नाही: भार काढा

अडकलेल्या गनांमध्ये हे कारण मला सगळ्यात जास्त दिसलं आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी माणसं जोर लावतात. फास्ट चार्जरची केबल जाड आणि जड असते. ती पोर्टपासून लोंबते, गनचं तोंड खाली झुकवते, आणि खाचेतली खिट्टी एका कडेला दाबून धरते. मोटर इवलीशी असते, तिला त्या दाबातून खिट्टी बाहेर खेचता येत नाही. तुम्ही गन बाहेर ओढता तेव्हा दाब आणखी वाढतो. कडीवर आतून भार असलेलं दार उघडताना आपण आधी दार आत ढकलतो, तेच इथे करायचं.

एका हाताने केबल गनपासून वीतभर अंतरावर खालून उचलून धरा, म्हणजे गन पोर्टच्या सरळ रेषेत येईल. दुसऱ्या हाताने गन गाडीच्या दिशेने आत दाबा. घट्ट, पण धक्का न देता. ती दाबलेली असतानाच दुसऱ्या कुणाला तरी चावीचं अनलॉक दाबायला सांगा. टक आवाज आला की दाब सोडा आणि गन सरळ मागे घ्या. वर-खाली हलवू नका, पिळू नका. एकटे असाल तर चावी दातात धरायची वेळ येते; त्यापेक्षा वॉचमनला हाक मारा.

आमच्या सोसायटीत एका संध्याकाळी तळमजल्यावरचे काका गाडीपाशी घामाघूम होऊन उभे होते. नाकावर पोर्ट असलेली गाडी, आणि भिंतीवरच्या चार्जरची केबल बॉनेटवरून ताणून आणलेली. गाडी हातभर मागे लागली होती, एवढंच. ‘अहो, तासभर झाला, सर्व्हिस सेंटरवाले उद्या येतो म्हणतायत,’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘काका, तुम्ही फक्त चावी घेऊन उभे राहा, मी सांगेन तेव्हा दाबा.’ केबलचा ताण सैल केला, गन आत दाबली, त्यांनी चावी दाबली आणि खिट्टी सुटल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. गनच्या खाचेच्या एका कडेवर नखाएवढा पांढरा ओरखडा पडला होता, तासभराच्या ओढाताणीचा. आणखी थोडा जोर लागला असता तर तिथूनच तुकडा उडाला असता.

ताणलेली केबल हा मुंबईच्या पार्किंगचा खास प्रश्न आहे. जागा ठरलेली, चार्जर ठरलेल्या खांबावर, आणि पोर्टची जागा गाडीगणिक निराळी. पंच, क्रेटा, कॉमेट, झेडएस यांचा पोर्ट पुढे, नेक्सॉनचा मागे, पेट्रोलचं झाकण असतं तिथे. गाडी उलटी लावली तर केबल पुरते का, हे एकदा बघून ठेवा. केबलला पोर्टपासून जमिनीपर्यंत सैल झोळ मिळाला पाहिजे.

आवाजच नाही: गाडीला झोपू द्या, मग १२ व्होल्ट तपासा

कधी कधी गाडी आणि चार्जर यांचा संवाद अर्धवट अडकतो. दोघांमध्ये एका बारीक पिनेवरून सतत संदेश चालू असतो. गन जोडलेली नाही तेव्हा त्या तारेवर १२ व्होल्ट, जोडली की ९, चार्जिंग चालू झालं की ६. चार्जर हँग झाला किंवा मध्येच वीज गेली, की गाडी कधी कधी चार्जिंग अजून चालूच असल्याच्या समजुतीत राहते.

उपाय कंटाळवाणा पण गुणकारी आहे. सगळी दारं आणि डिकी बंद करा, गाडी लॉक करा, चावी आणि गाडीशी जोडलेला फोन घेऊन चांगले दहा-पंधरा पावलं लांब जा. चावी खिशात ठेवूनच उघडणाऱ्या गाड्यांना चावी जवळ असली की झोप लागत नाही, म्हणजे त्यांची यंत्रणा बंद होत नाही. दहा मिनिटं थांबा. चहा घ्या. परत येऊन पोर्टपाशी उभे राहा आणि अनलॉक करा.

एवढ्यानेही मोटर गप्प असेल आणि सोबत दारांची लॉकही सुस्त असतील, आतले दिवे मिणमिणते असतील, तर संशय १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असो, दारं, स्क्रीन, काँटॅक्टर आणि पोर्टची खिट्टी चालते ती या छोट्या बॅटरीवर. अनेक गाड्यांत ती अजूनही साधी लेड-ॲसिड असते. गावी गेलात, गाडी महिनाभर उभी राहिली, डॅशकॅम चालूच राहिला, की ती उतरते. स्वस्तातला मल्टिमीटर असेल तर बघा. गाडी शांत उभी असताना १२.६ च्या आसपास म्हणजे तब्येत उत्तम, १२ च्या खाली म्हणजे ओढाताण, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी.

अशा वेळी जंप स्टार्टर पॅक किंवा दुसऱ्या पेट्रोल गाडीची बॅटरी लावता येते, पण गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या टोकांनाच. लाल आधी धनला, काळी नंतर बॉडीच्या धातूला. सवय नसेल तर रोडसाइड असिस्टन्सला बोलवा, त्यांच्यासाठी हे रोजचं काम आहे.

दोरी कुठे असते

बऱ्याच गाड्यांत पोर्ट हाताने उघडायची एक दोरी किंवा लूप दिलेला असतो, पण पुस्तिकेत तो कुठल्यातरी मधल्या पानावर असतो आणि कुणी ते पान उघडत नाही. पोर्ट पुढे असेल तर शोध बॉनेटखाली सुरू करा. मागच्या फेंडरवर असेल तर डिकीच्या त्याच बाजूच्या पॅनेलमागे. टेस्लाच्या मॉडेल वायमध्ये ती डिकीच्या डाव्या बाजूला आहे. तुमच्या गाडीत ती आहे का आणि कुठे आहे, हे आज रात्री, गन निघत असतानाच, पुस्तिकेत बघून ठेवा आणि त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

ती वापरायचे नियम कडक आहेत. आधी चार्जिंग बंद झाल्याची खात्री. मग दोरी ओढा, अलगद. दोरी सोडा. मग गन काढा. दोन्ही एकाच वेळी करू नका. टेस्लाच्या पुस्तिकेत तर तसं केल्यास विजेचा धक्का बसू शकतो, असा स्पष्ट इशारा आहे. बॉनेटखाली नारिंगी केबलना हात लावायचा नाही, दोरी त्यांच्या शेजारून जात असली तरी.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. १२ व्होल्ट पूर्ण मेले असतील आणि दोरी डिकीत असेल, तर डिकीचं कुलूपही विजेवर चालणारं असतं. तेव्हा चावीच्या आत लपवलेली पत्र्याची किल्ली काढून ड्रायव्हरचं दार उघडायचं, मागची सीट पाडायची आणि आतून हात घालायचा. वांद्र्याच्या गर्दीत हे पहिल्यांदा करण्यापेक्षा रविवारी सकाळी एकदा करून बघितलेलं बरं.

लाल बटण आणि हेल्पलाइन

चार्जरवरचं लाल, मशरूमसारखं बटण आगीच्या, ठिणगीच्या, माणूस चिकटल्याच्या प्रसंगासाठी आहे, तेव्हा ते क्षणाचाही विचार न करता दाबा. सेशन कुठूनच थांबत नसेल तर शेवटचा उपाय म्हणूनही चालेल. पण ते दाबल्यावर चार्जर पूर्ण बंद पडतो आणि बटण फिरवून परत वर येईपर्यंत, कधी कधी ऑपरेटरने रीसेट करेपर्यंत, पुढच्या कुणालाच वापरता येत नाही. दाबलंत तर हेल्पलाइनला कळवा.

फोन लावण्याआधी चार्जरच्या स्टिकरवरचा आयडी, गन क्रमांक आणि स्क्रीनवरचा संदेश फोटोत घ्या. ‘तुमचा चार्जर चालत नाही’ म्हटलं तर समोरचा माणूस अंधारात राहतो. ‘अमुक आयडी, गन दोन, सेशन अजून चालू दिसतंय, कृपया रिमोटने थांबवा’ असं सांगितलं की तो त्याच्या पडद्यावरून थांबवू शकतो. सॉकेटचं कुलूप सोडायचा हुकूमही त्यांच्या प्रणालीत असतो, पण त्याने सुटतं ते चार्जरच्या बाजूचं टोक. गाडीतली खिट्टी त्यांच्या हातात नसते. सेशन लटकलेलं राहिल्यामुळे पैसे किंवा गाडी उभी ठेवल्याचा दंड कापला गेला असेल, तर परतावा मागताना हेच फोटो उपयोगी पडतात.

या वेळी हातच लावू नका

जळक्या प्लास्टिकचा वास, गनच्या तोंडाशी काळेपणा, हात ठेववणार नाही इतकी गरम गन, धूर. अशा वेळी प्लास्टिक वितळून चिकटलेलं असू शकतं. पोचता येत असेल तर लाल बटण दाबा किंवा एमसीबी (मीटरजवळचा वीज तोडणारा स्विच) बंद करा, लांब व्हा, माणसं लांब करा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

पावसाळ्यात सोसायटीच्या आवारात पाणी साचून गाडीच्या तळापर्यंत आलं असेल आणि गन लावलेली असेल, तर पाण्यात उतरून ती काढायला जाऊ नका. हिंदमाता, सायन, मिलन सबवेच्या परिसरात राहणाऱ्यांना हे पाणी किती लवकर चढतं ते ठाऊक आहे. वीज वरून बंद करायची, पण मीटर रूमही तळमजल्याला आणि तिथेही पाणी असेल, तर वीज कंपनीला कळवा.

आणि स्क्रूड्रायव्हर पोर्टमध्ये घालू नका, गंज काढायचा स्प्रे आत मारू नका, हातोडी नको, केबल कापणं तर नकोच.

पुन्हा अडकू नये म्हणून

समुद्राची खारी दमट हवा आणि बांधकामांची बारीक धूळ, या दोन गोष्टी इथल्या पोर्टचे वैरी आहेत. पिनांवर हिरवट किंवा काळपट थर दिसू लागला, खिट्टीचा आवाज जड येऊ लागला, की सर्व्हिसच्या वेळी पोर्ट साफ करून घ्या. घरी करायचं तर गाडी बंद, गन बाहेर, आणि कोरडा मऊ ब्रश फक्त बाहेरच्या प्लास्टिकवर. गन जमिनीवर टाकू नका, खाचेत चिकटलेली वाळू पुढच्या माणसाच्या गाडीत जाते. चार्जरवर गनसाठी जागा असते, तिथेच अडकवा. पावसात उघड्यावर चार्ज करत असाल तर काढल्याबरोबर पोर्टचं रबरी झाकण बसवा.

महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्यांदा अडकली, तीही वेगळ्या चार्जरवर, तर दोष तुमच्या गाडीच्या मोटरचा किंवा खिट्टीचा धरा आणि वॉरंटी चालू असतानाच लेखी तक्रार करा. वर्कशॉपमध्ये गाडी नेली की गन हमखास पटकन निघते आणि ‘काही दोष आढळला नाही’ असा शेरा मिळतो. म्हणून पुढच्या वेळी गन अडकेल तेव्हा आधी व्हिडिओ काढा. त्यात गाडीच्या स्क्रीनवरची तारीख-वेळ दिसू द्या, चावी दाबल्यावर मोटरचा आवाज येतो की नाही ते ऐकू येऊ द्या, आणि १२ व्होल्टचं माप घेतलं असेल तर तेही त्याच व्हिडिओत घ्या.